मोठं चाक आणि कणकेचा गोळा

आज स्वयंपाक नाही, शिवण नाही आणि औषधपाणीही नाही. आज गाडीच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. रेडिओ बंद करू नका. गाडी आपण चालवत असू वा नसू, बसतो तर आपणच ना? आणि मागच्या सीटवर, मांडीवर लेकरू घेऊन बसतो.

झालं असं. माझ्या बहिणीच्या मुलाने जुनी बोलेरो घेतली. चांगली गाडी. आपल्या जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, दर चार घरांआड एखादी दिसतेच. घेतल्यावर महिन्याभरात त्याने तिची चाकं बदलली. चकचकीत अलॉय रिमं आली, त्यावर जाडजूड टायर आले. गाडी दारात उभी राहिली तेव्हा खरंच रुबाबदार दिसत होती, नाही म्हणणार नाही. मग एका गुरुवारी आम्ही बचत गटातल्या सहा जणी त्याच गाडीने बुलढाण्याहून शेगावला निघालो. पिशव्या, डबे, पाण्याचा कॅन, सगळं मागे.

बोथ्याचा घाट ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्ञानगंगा अभयारण्यातून रस्ता खाली खामगावकडे उतरतो, वळणावर वळण. पहिल्याच मोठ्या डाव्या वळणावर पुढून आवाज आला, खर्रर्र. जात्यात खडा सापडल्यासारखा. मी म्हटलं, "काय रे हे?" तो म्हणाला, "काही नाई मावशी, रस्ता खराब आहे." पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आणि गंमत अशी, की उजव्या वळणावर कमी आणि डाव्या वळणावर जास्त. खामगावला पोचेपर्यंत जळलेल्या रबराचा वास यायला लागला होता.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. रस्ता खराब असेल तर आवाज दोन्ही वळणांवर सारखा यायला हवा, एवढं मला कळत होतं. खामगावात एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी पुढचं उजवं चाक पूर्ण वळवून घेतलं आणि मला बोलावलं, "बाई, इकडे या, हात लावून बघा." टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे वरचं तळपट संपतं आणि बाजूची भिंत सुरू होते तिथे, गोल फिरलेली एक रेघ होती. नखाने जाणवण्याइतकी खोल. मडगार्डच्या आत जे काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, लायनर म्हणतात त्याला, त्याच्या मागच्या टोकाला एक स्क्रू होता. त्या स्क्रूच्या डोक्याने टायरवर ती रेघ ओढली होती. वळणावळणाला, थोडी थोडी.

त्यावर त्याचं म्हणणं काय, तर "दुकानात बसवली तेव्हा तर कुठेच घासत नव्हती." आणि ते खरंच होतं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण दुकानात गाडी रिकामी होती, सपाट फरशीवर उभी होती, जागच्या जागी स्टिअरिंग फिरवून पाहिलं होतं. घाटात काय झालं ते बघा. गाडीत सात माणसं, म्हणून बॉडी खाली बसलेली. उतार, त्यात ब्रेक, म्हणून नाक आणखी खाली झुकलेलं. डावं वळण, म्हणून सगळं वजन उजव्या चाकावर रेललेलं. आणि चाक वळलेलं असल्यामुळे त्याची मागची कड बाहेर आलेली. या चार गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि जी फट दुकानात दोन बोटांची होती ती शून्य झाली. म्हणजे गाडी घासते ती नेमकी सगळं घर आत बसलेलं असताना. एकटा पोरगा गावात चक्कर मारतो तेव्हा तिला काहीच होत नाही, म्हणून त्याचा विश्वास बसत नाही.

आता हे टाळायचं कसं? त्यासाठी आधी टायरवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. साडीच्या काठावरचं नाव वाचतो तसे हे आकडे टायरच्या बाजूला ठळक उमटवलेले असतात. बोलेरोला कंपनीकडून येतं ते माप २१५/७५ आर १५. यातला २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हे मिलिमीटर नाहीत, इथे पुष्कळ जण फसतात. ते शेकडा प्रमाण आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची मांडणी. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच तिन्ही. कोणी ठरवलं कोण जाणे, पण साऱ्या जगात असंच चालतं.

वही घ्या हवं तर. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१.२५ मिलिमीटर. भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट, ३२२.५. रिमचे १५ इंच, एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, म्हणजे ३८१. दोन्ही मिळवा. ७०३.५ मिलिमीटर. ही झाली चाकाची एकूण उंची.

भाच्याने बसवले होते २३५/७५ आर १५. बोलेरोवाल्यांमध्ये हे माप फार आवडीचं आहे. त्याचं गणित तसंच करा. २३५ चे शेकडा ७५ म्हणजे १७६.२५, दुप्पट ३५२.५, त्यात ३८१. उत्तर ७३३.५. फरक ३० मिलिमीटर, शेकडा चारच्या थोडा वर. दुकानात सांगतात, "फक्त वीसने वाढवलंय." वीसने वाढली ती रुंदी. पण ७५ टक्के तेच ठेवल्यामुळे रुंदीबरोबर उंचीही आपोआप वाढली. गाडी १५ मिलिमीटर उंच झाली हे दिसतं, त्याचं कौतुकही होतं. पण मडगार्डच्या छतापासून टायरही तेवढाच जवळ गेला, ते कोणी सांगत नाही.

साधारण नियम असा, की एकूण उंचीतला फरक शेकडा तीनच्या आत ठेवायचा, आणि त्याहून कमी जमलं तर उत्तमच. रुंद टायर हवाच असेल तर मधला टक्का कमी करायचा. २३५/७० आर १५ घेतला असता तर? २३५ चे शेकडा ७० म्हणजे १६४.५, दुप्पट ३२९, अधिक ३८१, झाले ७१०. मूळ मापापेक्षा साडेसहा मिलिमीटर जास्त, शेकडा एकसुद्धा नाही. किंवा रिम मोठं हवं असेल, १६ इंची, तर २१५/७० आर १६ चं गणित ७०७.४ येतं. तेही जवळपास तेवढंच. रिम मोठं झालं की टायरची भिंत कमी करायची, म्हणजे चाक बाहेरून तेवढंच राहतं. मोठी रिमं बसवूनही ज्यांच्या गाड्या घासत नाहीत, त्यांनी हेच केलेलं असतं. मात्र भिंत कमी झाली की खड्ड्याचा दणका सोसायला रबर कमी उरतं, हेही लक्षात असू द्या. आपल्या खेड्याच्या रस्त्यांवर फार बुटक्या भिंतीचा टायर मला तरी पसंत नाही. रिमच वाकतं.

एवढं झालं म्हणजे घासणार नाही, असं मात्र नाही. कारण अजून रिम उरलं आहे. टायरचं माप सगळे विचारतात, रिमचं कोणी विचारत नाही, आणि आमच्या गाडीत खरा घोळ रिमनेच केला होता.

घरातली पिठाची चाळणी डोळ्यांसमोर आणा. बाहेर गोल पट्टी आणि मध्ये जाळी. रिमही तसंच. गोल पट्टीवर टायर चढतो आणि मधल्या ताटलीला भोकं असतात, ती गाडीच्या हबला टेकवून नट आवळतात. आता ही जाळी पट्टीच्या अगदी मध्यावर असेल तर त्याला शून्य म्हणायचं. जाळी बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडून दिसणाऱ्या कडेकडे सरकलेली असेल तर ते अधिक. कारण गाडीला टेकायची जागा बाहेरच्या बाजूला गेली, म्हणून पट्टीचा बहुतेक भाग गाडीच्या आत जातो. जाळी आतल्या कडेकडे असेल तर ते उणे, आणि चाक बाहेर डोकावतं. या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या आतल्या बाजूला इटी असं लिहून पुढे आकडा असतो, तो मिलिमीटरमध्ये. शेजारी रुंदीचा आकडा असतो, ६ जे किंवा ७ जे असा. तो इंचात.

समजा मूळ रिम ६ जे आणि इटी ४० आहे, आणि दुकानदार ७ जे, इटी २५ देतो आहे. पट्टी एक इंचाने रुंद झाली, ती दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वाढते, म्हणजे १२.७ मिलिमीटर बाहेर आणि १२.७ आत. पण इटी १५ ने कमी झाला, म्हणून सगळं चाक १५ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड १२.७ अधिक १५, म्हणजे २७.७ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड १२.७ ने आत जायला हवी होती, पण १५ ने बाहेर ओढली गेली, म्हणून उलट दोन मिलिमीटर मोकळीच झाली. असं चाक आतल्या बाजूला कुठेच लागणार नाही, आणि बाहेर मडगार्डला लागेल. याच्या उलट, इटी तोच ठेवून नुसतं रुंद रिम घेतलं, तर बाहेर १२.७ आणि आतही १२.७. मग आतल्या बाजूला सस्पेन्शनचा दांडा, शॉकअब्सॉर्बर किंवा ब्रेकची नळी यांच्याशी गाठ पडू शकते. बाहेरचं घासणं निदान ऐकू तरी येतं आणि दिसतं. आतलं घासणं चाक काढल्याशिवाय दिसत नाही. मला त्याची जास्त भीती वाटते.

म्हणून दुकानात जायच्या आधी जुनं चाक काढून आत हात घालून पाहा. टायरच्या आतल्या भिंतीपासून सगळ्यात जवळची वस्तू कोणती आणि किती अंतरावर, हे पट्टीने मोजा. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या ओठाला दोऱ्याने ओळंबा सोडा, आणि टायर त्या दोऱ्यापासून किती आत आहे ते मोजा. हे दोन आकडे वहीत असले की दुकानदाराला विचारायचं, "दादा, हे चाक बाहेर किती येणार नि आत किती जाणार?" ज्याला धंदा येतो तो लगेच सांगतो. जो म्हणतो "बसतं हो ताई, सगळेच बसवतात", तिथून पर्स उचलायची.

भोकांचंही पाहावं लागतं. भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. कुठे पाच भोकं ११४.३ मिलिमीटरवर, कुठे सहा भोकं १३९.७ वर. जवळपासचं माप ओढूनताणून बसवू देऊ नका, नट तिरका बसतो. मधलं मोठं भोक हबपेक्षा मोठं असेल तर आत कडं घालावं लागतं, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आणि नवीन रिमं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे. अलॉय नव्याने बसतं, नट किंचित सैल होतात. हे विसरतातच लोक.

आता कणकेचा गोळा. तुम्ही वाट बघत असाल.

मिस्त्री म्हणाले, कारखान्यात चिकणमाती लावून फट मोजतात. आपल्या घरी चिकणमाती कुठली, मी कणीक मळली. गव्हाची, पुरीला मळतो त्याहून घट्ट. मडगार्डच्या आतली माती ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली, आणि लिंबाएवढे गोळे चार ठिकाणी चिकटवले. एक छताला, एक पुढच्या बंपरच्या आतल्या टोकाला, एक मागे त्या बदनाम स्क्रूपाशी, आणि एक आतल्या बाजूला. गोळ्याच्या टोकावर थोडं तेल, म्हणजे टायरला चिकटून निघून येणार नाही. मग गाडीत माणसं बसवली. आमच्या गल्लीतल्या बायका हसून हसून बसल्या, पण सात जणी बसल्या. मोकळ्या मैदानात अगदी हळू, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून एक चक्कर, उजवीकडे एक चक्कर. मग एक पुढचं चाक विटांच्या उतरत्या थरावर चढवून पुन्हा दोन्हीकडे वळवलं, कारण एक चाक वर आणि एक खाली असलं की वरचं चाक मडगार्डमध्ये शिरतं. मैदानात हे काम करताना गाडीच्या पुढे-मागे लेकरं नकोत, आणि हात आत घालायचा तो गाडी बंद करून, हॅन्डब्रेक ओढून, चाकांना दगड लावूनच.

नंतर गोळे पाहायचे. जो गोळा दाबला गेला, तिथे उरलेली जाडी म्हणजे तिथली खरी फट. आडव्या बोटाइतकी, साधारण दीड सेंटिमीटर, कणीक उरली असेल तर ठीक. चपातीएवढी पातळ झाली असेल तर घाटात घासणार. आणि गोळा फाटून गेला असेल तर आजच घासतं आहे. आमचा मागचा गोळा फाटला होता. छतावरच्या गोळ्याची जाडी पोळीएवढी. आतला गोळा जसाच्या तसा. म्हणजे चाक बाहेर जास्त आलं आहे आणि उंचही जास्त आहे, हे न बोलता कळलं. ज्यांना कणीक वाया घालवणं जिवावर येतं त्यांनी टायरच्या खांद्यावर खडू फासावा. जिथे घासेल तिथे पांढरा डाग उमटतो. पण खडूने फक्त घासतं की नाही एवढंच कळतं, किती उरलं ते कळत नाही. (ती कणीक नंतर गाईला घालू नका. तेल-माती लागलेली असते.)

घासतं असं कळल्यावर लोक काय काय उपाय सुचवतात! एक म्हणाला, मडगार्ड कापून टाक. दुसरा म्हणाला, स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच कर. पत्रा कापला की गंज धरतो, आणि गाडी उंच केली की वळणावर डोलते. शिवाय उंच केल्याने छताची फट वाढते, पण चाक पूर्ण वळवल्यावर बंपरला किंवा मागच्या कडेला जे लागतं ते बहुतेक तसंच राहतं. तिसऱ्याचा उपाय, हब आणि रिमच्या मध्ये जाड चकती घालायची. आतल्या बाजूला घासत असेल तर त्याने चाक बाहेर येतं हे खरं, पण नटांना पकडायला आटे कमी उरतात आणि बेअरिंगवर ताण येतो. चाकाच्या बाबतीत मी जुगाडाच्या बाजूची नाही. स्क्रू किंवा मडफ्लॅप जागेवरून किंचित सरकवून, लायनर गरम करून मागे दाबून भागत असेल, तर ठीक. पाच-सात मिलिमीटरचा प्रश्न तसा सुटतो. त्याहून जास्त असेल तर माप चुकलं आहे, माप बदला. आणि जुनी गाडी असेल तर आधी मागचे पाटे आणि पुढच्या स्प्रिंगा बघा. त्या बसलेल्या असतील तर मूळ मापाचा टायरही घासतो, आणि दोष बिचाऱ्या टायरला जातो.

इथवर ऐकून एखादी म्हणेल, घासलं तर घासलं, टायर लवकर झिजेल, एवढंच ना? नाही. टायरचं तळपट जाड असतं, तिथे खिळा लागला तर पंक्चर काढता येतं. खांदा आणि भिंत तशी नसते. भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, तिच्यात पातळ रबराखाली धाग्यांचा थर असतो. तिथे पडलेला काप बुजवता येत नाही, कोणीही बुजवून देतो म्हटलं तरी. धाग्यापर्यंत काप गेला की आतली हवा त्या जागी फुगा काढते. आणि तो टायर मग कुठे फुटेल? गावात वीसच्या वेगाने जाताना बहुतेक नाहीच. तो फुटतो लांबच्या प्रवासात, गाडी भरलेली, वेग जास्त, ऊन कडक, टायर तापलेला असताना.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि मेहकर, सिंदखेडराजाकडच्या माणसाला नागपूर एकदम जवळ आलं. पण तासन्‌तास एकाच वेगाने, सरळ, काँक्रीटवर आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात गाडी पळवायची सवय ना आपल्याला होती, ना आपल्या टायरांना. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. ती रात्र आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्या वेळी पहिलं वाक्य कानावर आलं ते "टायर फुटला". नंतर परिवहन खात्याच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत असं पुढे आलं. मी हे मुद्दाम सांगते आहे. प्रत्येक अपघात टायरने होत नाही, आणि "टायर फुटला" म्हटलं की बाकी सगळ्या प्रश्नांना झाकण बसतं. पण जिथे खरंच फुटतो, तिथे तो आपोआप क्वचितच फुटतो. कमी हवा, जास्त वजन, जुनं रबर, नाहीतर कुठेतरी आधीच पडलेला काप, असं काहीतरी मागे असतंच. यातलं प्रत्येक घरून निघायच्या आधी दिसू शकतं.

उंच टायरचं आणखी एक. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक शेकडा चारने मोठं झालं, तर मीटरवर १०० दिसताना गाडी मूळ चाकापेक्षा चार किलोमीटर जास्त वेगाने धावते, १२० दिसताना पाच. कंपनीचे मीटर मुळात थोडं जास्तच दाखवतात, म्हणून हा फरक कधी झाकला जातो, पण त्या भरवशावर राहू नये. आणि किलोमीटर कमी मोजले जातात. १००० चाललं तर मीटर साधारण ९५९ दाखवणार. तेल बदलायची पाळी तेवढी पुढे जाते. चाक जड झालं म्हणून घाट चढताना गाडी जड ओढते, ब्रेकलाही जास्त काम पडतं, डिझेल जास्त जातं. ॲव्हरेज का पडलं म्हणून भाचा दोन महिने फिल्टर बदलत बसला होता.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम उचलून धरलं. त्यामुळे सगळ्यात सोपी वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या-खालच्या प्रकारांना कंपनी जी मापं देते, त्यातलंच एक घ्यायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. कंपनीने दिलेल्या मापाबाहेरचं काही बसवलं असेल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा. नंतर विचारायची वेळ आली, तर उत्तर आपल्याला आवडत नाही.

टायर घेताना मापाच्या शेवटी आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, तेही बघा. आकडा वजनाचा. ९७ म्हणजे एक टायर ७३० किलो पेलतो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. अक्षर वेगाचं. एस म्हणजे १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. मूळ टायरपेक्षा हा वजनाचा आकडा कमी असलेला टायर, कितीही स्वस्त असो, घ्यायचा नाही. दिसायला रुंद म्हणजे पेलायला जास्त, असं नसतं. आणि चार आकड्यांचा एक लहान शिक्का असतो. २३२३ असेल तर २०२३ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा म्हणून विकतात, तो यावरून ओळखता येतो. नक्षीच्या खोबणीत लहान लहान उंचवटे असतात, झीज त्यांना टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरात भरा. लांब चालून आल्यावर तापलेल्या टायरात दाब जास्तच दिसतो, म्हणून तेव्हा हवा काढून टाकू नका.

भाच्याच्या गाडीचं शेवटी काय झालं? रेघ पडलेला टायर मिस्त्रींनी वापरू दिला नाही. त्याला मी अर्धे पैसे देते म्हटलं तेव्हा कुठे तो तयार झाला, हेही सांगते, कारण पोरं गणिताला नाही तर पैशाला ऐकतात. रिमं विकली, चारही टायर २१५/७५ आर १५ घेतले, जुन्याच लोखंडी रिमांवर चढवले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं. गाडीचा रुबाब गेला असं तो आठवडाभर म्हणत होता.

आणि या सगळ्यात एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो, ती मिस्त्रींनी दाखवली. स्टेपनी. मोठे टायर बसवले तेव्हा स्टेपनी जुन्याच मापाची राहिली होती. त्या दिवशी घाटात मागचं एखादं चाक पंक्चर झालं असतं, तर एका बाजूला ७३३ मिलिमीटरचं चाक आणि दुसऱ्या बाजूला ७०३ चं. गाडी एका बाजूला ओढली गेली असती, आणि मागच्या डिफरन्शियलमधल्या गिअरना सरळ रस्त्यावरही सारखं फिरत राहावं लागलं असतं. अशा चाकावर अगदी हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जावं. तुमच्या घरी चाकं बदललेली गाडी असेल तर आज संध्याकाळी मागून वाकून स्टेपनीवरचा आकडा वाचा, आणि चारही चाकांवरचा. पाचही ठिकाणी एकच माप लिहिलेलं आहे का, ते बघा.